बारुख ब्लूमबर्ग

कावीळ हा रोग माणसाला फार प्राचीन काळापासून परिचित आहे. डोळे पिवळे दिसू लागले आणि अन्नावरची वासना उडाली, की घरातील वडीलधारी माणसे तो ओळखतात. परंतु खरे पाहता पिवळेपणा हे रोगाचे केवळ बाह्य चिन्ह होय. आजारी असते ते यकृत. यकृताला सूज आली म्हणजे पित्तातील पिवळे द्रव्य रक्तात साचते आणि त्वचेवर दिसू लागते.

ही सूज कशामुळे येते, हे मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नीट कळलेले नव्हते. दूषित पाणी व अन्न यांवाटे एक कावीळ पसरते आणि रक्तावाटे दुसरीच एखादी पसरते, एवढे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. १९४२ साली अमेरिकेच्या सैनिकांना पीतज्वराची लस टोचण्यात आली. त्या लशीत मानवी रक्ताचा अंश होता. पुढे काही महिन्यांत सुमारे ५०,००० सैनिक काविळीने अंथरुणास खिळले. रक्ताच्या त्या अंशात कोणता शत्रू लपलेला होता? तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हता आणि प्रयोगशाळेतील पात्रांत वाढतही नव्हता. अनेक संशोधकांनी त्याचा पाठलाग केला व ते थकले. अखेर तो ज्याला सापडला, तो संशोधक काविळीच्या शोधात नव्हताच.

बारुख सॅम्युएल ब्लूमबर्ग यांचा जन्म २८ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्क शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील होते. लहानपणी ब्लूमबर्ग ज्यू धर्माच्या पाठशाळेत शिकले. तेथे जुन्या धर्मग्रंथांतील एकेका वचनावर दोन्ही बाजूंनी वाद करण्याची रीत होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात दाखल झाले. युद्ध संपल्यावर त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली व गणिताचे उच्च शिक्षण आरंभले. तेव्हा वडिलांनी त्यांना वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. तो मानून त्यांनी गणित सोडले आणि १९५१ साली ते कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टर झाले.

पदवी मिळण्यापूर्वीच, १९५० साली, ते दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम या देशात गेले होते. तेथील मोएंगो या खाणीच्या गावी रुग्णांची सेवा करणे व रोगांची पाहणी करणे हे त्यांचे काम होते. मळ्यांवर व खाणींत राबण्यासाठी नाना देशांचे लोक तेथे आणले गेले होते. जावा बेटातील, चीनमधील, आफ्रिकेतील आणि भारतातीलही मजुरांची कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या वसली होती. सर्वांना तेच डास चावत असत. तरी त्या डासांमुळे होणारा हत्तीरोग सर्वांना सारखा होत नसे. काही समाजांत तो पुष्कळ होता, तर काहींत क्वचितच आढळे. असे का व्हावे? एकाच रोगाने एक माणूस आजारी पडतो आणि त्याचा शेजारी सुखरूप राहतो, याचे कारण त्यांच्या जन्मजात घडणीत तर नसेल? हा प्रश्न तरुण ब्लूमबर्ग यांच्या मनात घर करून राहिला. पुढील सारे आयुष्य त्यांनी त्यालाच वाहिले, असे म्हटले तरी चालेल.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे १९५७ साली त्यांनी जीवरसायनशास्त्रातील संशोधनाची पदवी मिळवली. तेथे त्यांचा अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाशी परिचय झाला. आईबापांपैकी एकाकडून सिकलसेलचा जनुक मिळालेल्या मुलांना मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अ‍ॅलिसन यांनी दाखवून दिले होते. म्हणजे रक्तातील आनुवंशिक भेद रोगाशी झुंजण्यास उपयोगी पडू शकतात. असे भेद आणखी किती असतील? ते हुडकण्यासाठी ब्लूमबर्ग अमेरिकेत परतल्यावर देशोदेशींच्या लोकांचे रक्तरस जमवू लागले. रक्त गोठल्यावर त्यातून जो पिवळसर द्रव सुटतो, तो रक्तरस होय. नायजेरिया, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया, उत्तर ध्रुवाजवळील प्रदेश अशा दूरदूरच्या ठिकाणांहून आलेल्या रक्तरसांच्या कुप्या गोठवून ठेवलेल्या असत.

भेद ओळखण्याची त्यांची युक्ती मोठी सोपी होती. ज्या रुग्णाला वारंवार दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, त्याच्या शरीरात परके पदार्थ शिरतात. शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. अशा रुग्णाचा रक्तरस हा जणू पहारेकरीच असतो. आपल्या रक्तात नसलेला पदार्थ समोर आला, की तो त्याला अडवतो. आपल्याकडे ज्याला चायना ग्रास म्हणतात, त्या आगराचा पातळ थर काचेवर पसरावयाचा, त्यात लहान लहान खळगे करावयाचे, एकात पहारेकऱ्याचा रक्तरस व भोवतालच्या खळग्यांत निरनिराळ्या लोकांचे रक्तरस घालावयाचे. दोन्हींकडचे द्रव आगरातून सरकत एकमेकांना भेटतात. पहारेकऱ्याला परका पदार्थ सापडला, तर त्या जागी बारीक पांढरी रेषा उमटते. न सापडल्यास आगर स्वच्छ राहतो. या कामात हार्वे ऑल्टर हा तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर होता. या ऑल्टर यांना पुढे दुसऱ्या एका काविळीच्या संशोधनासाठी २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६३ साली न्यूयॉर्कमधील एका हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तरस तपासला जात होता. हिमोफिलिया असलेल्याचे रक्त लवकर थांबत नाही, त्यामुळे त्याला पुष्कळांचे रक्त दिलेले असते. तपासणीस ठेवलेल्या रक्तरसांपैकी एकाच खळग्यासमोर रेषा उमटली. तो रक्तरस ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीचा होता. न्यूयॉर्कमधील रुग्णाच्या रक्ताने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरील माणसाच्या रक्तातील पदार्थ कसा ओळखला? उत्तर ठाऊक नव्हते. म्हणून त्या पदार्थाला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव देऊन शोध पुढे सुरू झाला.

हजारो रक्तरस तपासण्यात आले. निरोगी अमेरिकनांत हा प्रतिजन फारच दुर्मिळ होता. आशिया व उष्ण प्रदेशांतील कित्येक समाजांत मात्र तो सहज आढळे. रक्ताचा कर्करोग असलेल्या रुग्णांपैकी सुमारे दहांत एकाच्या रक्तात तो होता. फिलिपिन्समधील सेबू बेटावरील कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा तो काही घराण्यांत एकवटलेला दिसला. आनुवंशिकतेच्या नियमांप्रमाणे आईबापांकडून मुलांकडे येणाऱ्या गुणाची जशी वाटणी व्हावी, तशीच ती येथे होती. ब्लूमबर्ग यांना ज्याची आशा होती, तेच समोर आले होते. हा जन्मजात गुण आहे व ज्यांच्यात तो असतो त्यांना कर्करोग होण्याचा संभव अधिक, असा त्यांनी तर्क बांधला.

तर्क पडताळण्यासाठी त्यांनी डाऊन संलक्षण असलेल्या मुलांचे रक्त तपासले, कारण अशा मुलांना रक्ताचा कर्करोग अधिक प्रमाणात होतो. मोठ्या संस्थांत राहणाऱ्या अशा रुग्णांपैकी पुष्कळांच्या रक्तात प्रतिजन निघाला. तर्क खरा ठरल्यासारखा वाटला. परंतु लहान संस्थांतील मुलांत तो कमी होता आणि आपल्या घरी राहणाऱ्यांत तर जवळजवळ नव्हताच. जन्मजात गुण काही राहण्याची जागा पाहून बदलत नाही. हे कोडे मनात असतानाच १९६६ साली एक विलक्षण गोष्ट घडली. अशाच एका रुग्णाच्या रक्तात पूर्वी प्रतिजन नव्हता, पण पुन्हा तपासले तेव्हा तो स्पष्ट आढळला. डोळ्यांचा रंग वा रक्तगट जन्मापासून ठरलेला असतो, तो मध्येच बदलत नाही. मग या रुग्णात हा पदार्थ कोठून आला? डॉक्टरांनी त्याची कसून तपासणी केली. त्याच्या यकृताला सूज आलेली होती.

येथे ब्लूमबर्ग यांची खरी कसोटी लागली. वर्षानुवर्षे जपलेला तर्क मोडत होता. एखाद्याने ती एक तपासणी चुकली म्हणून बाजूला सारली असती. त्यांनी तसे केले नाही. प्रतिजन आनुवंशिक नसून तो यकृताच्या संसर्गाचा भाग असावा, असे नवे अनुमान त्यांनी धरले. १९६७ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतील एका सहकारी स्त्रीला बरे वाटेनासे झाले. तिने स्वतःचे रक्त तपासले. तोवर तिच्या रक्ताने कधीही रेषा दाखवली नव्हती. त्या दिवशी पुसट रेषा उमटली, दुसऱ्या दिवशी ती ठळक झाली आणि पुढे तिला कावीळ झाली. सुदैवाने ती पूर्ण बरी झाली. काविळीचे विषाणू सापडल्याचे दावे पूर्वी अनेकांनी केले होते व ते फसले होते, त्यामुळे शास्त्रज्ञांनी आरंभी या शोधाकडे संशयाने पाहिले. पण टोकियो व न्यूयॉर्क येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलिया प्रतिजन हे ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे बाह्य आवरण होते.

मग सेबू बेटावरील घराण्यांचे गूढही उकलले. तो विषाणू बाधित आईकडून प्रसूतीच्या वेळी बाळाकडे जातो आणि एका घरात राहणाऱ्यांत पसरतो. जो वारसा वाटला होता, तो बराचसा संसर्ग होता. तरीही ब्लूमबर्ग यांनी आपला जुना प्रश्न सोडला नाही. एक माणूस हा विषाणू शरीरातून घालवून टाकतो आणि दुसऱ्याच्या रक्तात तो जन्मभर राहतो, यात जन्मजात घडणीचा वाटा असला पाहिजे, असे त्यांचे मत होते.

शोधाचा पहिला लाभ रक्तपेढ्यांना झाला. दिलेले रक्त आधी तपासून बाधित रक्त वगळता येऊ लागले. परंतु याच तपासणीने एक अवघड प्रश्नही उभा केला. जे स्वतः आजारी नाहीत, पण ज्यांच्या रक्तात विषाणू आहे, अशा लाखो वाहकांकडे समाज भयाने पाहू लागला. त्यांना कामावर ठेवावे की नाही, अशी चर्चा सुरू झाली. पुरेसे ज्ञान नसताना अशा माणसांवर निर्बंध लादू नयेत, असे ब्लूमबर्ग आग्रहाने मांडत राहिले.

दुसरा लाभ लशीचा. वाहकांच्या रक्तात विषाणूच्या आवरणाचे असंख्य रिकामे कण असतात. त्यांत विषाणूचे जनुकद्रव्य नसल्याने ते रोग उत्पन्न करू शकत नाहीत. ते वेगळे करून शुद्ध केले, तर त्यांचीच लस होईल, ही कल्पना ब्लूमबर्ग व त्यांचे सहकारी अर्व्हिंग मिलमन यांनी १९६९ साली मांडली. ज्या रक्ताने रोग होतो, त्याच रक्तातून संरक्षण काढावयाचे! १९८१ साली ती लस अमेरिकेत मान्य झाली. १९८६ पासून जनुकांच्या तंत्राने यीस्टच्या पेशींकडून तेच आवरण तयार करून घेण्यात येऊ लागले व मानवी रक्ताची गरज उरली नाही. हा विषाणू यकृतात दीर्घकाळ राहिला तर कर्करोग होऊ शकतो. तैवानमध्ये १९८४ पासून नवजात बालकांना ही लस देण्यात आली आणि पुढे तेथील मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरले. माणसाला होणाऱ्या एका कर्करोगाला लशीने आवर घातल्याचे हे पहिले उदाहरण.

१९७६ साली ब्लूमबर्ग यांना कार्लटन गायडुसेक यांच्यासह वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी चेन्नई येथील संशोधकांबरोबर भुईआवळीचाही अभ्यास केला. काविळीवर आपल्याकडे पूर्वापार दिली जाणारी ही वनस्पती वाहकांच्या रक्तातील विषाणू घालवते काय, हे पाहावयाचे होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेले पहिले निष्कर्ष आशादायक होते, परंतु नंतरच्या तपासण्यांत ते टिकले नाहीत.

१९८९ ते १९९४ या काळात ते ऑक्सफर्डमधील बेलियल महाविद्यालयाचे प्रमुख होते. सत्तरी उलटल्यावर, १९९९ साली, अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने इतर ग्रहांवरील जीवांच्या शक्यतेचा अभ्यास करणाऱ्या विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे सोपवले. ५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियातील त्याच संस्थेच्या केंद्रात, चंद्रावरील संशोधनासंबंधीच्या परिषदेत भाषण संपवून थोडाच वेळ झाला असता, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ८५ वर्षांचे होते.

त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जगभर यकृतदाह दिन म्हणून पाळला जातो. भारतात या काविळीच्या लशीची पहिली मात्रा बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत देतात. रक्तपेढीत रक्ताची पिशवी रुग्णाकडे जाण्यापूर्वी ज्या तपासण्या होतात, त्यांत ऑस्ट्रेलिया प्रतिजनाची तपासणी आजही असते.