हिंगण्याची वाट



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहून दे, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा मनात आली ती आपली भूगावहून डेक्कनला जाणारी एस.टी. चांदणी चौक उतरून, पौड रस्ता संपवून पौड फाट्याला गाडी वळली की कर्वे रस्ता लागायचा. शाळेत असताना हे नाव आपण कितीदा उच्चारलं असेल, पण कर्वे म्हणजे कोण, हे विचारायचं सुचलं नव्हतं. पुढे मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो कर्वेनगरच्या कमिन्स महाविद्यालयात. फक्त मुलींचं कॉलेज आहे, एवढ्या एका गोष्टीवर माझ्या घरून होकार आला. ते कॉलेज ज्या संस्थेचं आहे, ती संस्था एका झोपडीत सुरू झाली होती. म्हणून आज अण्णांविषयी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी लिहिते.

आपल्या मुळशीत देवाची देणगी म्हटलं की पैलवानाचं शरीर आठवतं, नाहीतर भजनातला गळा. अण्णांकडे यातलं काहीच नव्हतं. बारीक अंगकाठी आणि स्वभाव इतका बुजरा की चार माणसांत बोलायचं म्हणजे संकट. टिळकांसारखी लेखणी नाही, आगरकरांसारखा आवेश नाही. त्यांना मिळालं होतं ते एवढंच : गणिताची समज, हिशेबातला काटेकोरपणा आणि न थकणारे पाय. हे तीन गुण त्यांनी कसे खर्च केले, तेवढंच मला सांगायचं आहे.

पायांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. जन्म 18 एप्रिल 1858 चा, आजोळी शेरवलीला. घर दापोलीजवळच्या मुरूडला. 1875 मध्ये सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला जायचं होतं. पावसाचे दिवस होते. हा मुलगा सोबत्यांबरोबर घाट चढून, रानावनातून शंभरएक मैल चालत गेला. तिथे परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं, हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही आणि परत पाठवलं. एवढं चालून गेल्यावर नुसत्या अंगकाठीवरून माघारी! त्याने पुढे कोल्हापूरहून ती परीक्षा दिली आणि पास झाला.

मग मुंबई. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. 1884 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. त्यानंतर मुलींच्या शाळांमधून शिकवणं आणि पहाटेपासून शिकवण्या. मिळकतीतल्या दर रुपयामागे काही पैसे ते दुसऱ्यांसाठी वेगळे काढून ठेवत. उरले तर देऊ, असं नाही. आधी बाजूला काढायचे आणि मग घर चालवायचं. आपल्याकडे हल्ली पगार खात्यात पडण्याआधी कर कापला जातो, तसा त्यांनी हा स्वतःवर लावून घेतला होता.

1891 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन टोकांचं. पत्नी राधाबाई गेल्या, मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. आणि त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजातून गोपाळ कृष्ण गोखल्यांचं बोलावणं आलं. टिळक संस्थेतून बाहेर पडले होते, गणित शिकवायला माणूस हवा होता. मुंबईत शिकवण्या करून जास्त मिळकत होत होती, तरी अण्णा दरमहा 75 रुपयांवर पुण्यात आले आणि 1914 पर्यंत त्यांनी तिथे गणितच शिकवलं.

पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवलं होतं. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात हे लग्न झालं आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. मुरूडने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी अण्णा पैसे साठवत होते, त्याच गावात त्यांना स्वतःच्या घरी राहता येईना.

इथे मला अण्णांमधला गणिताचा मास्तर दिसतो. विधवाविवाहाच्या प्रचारासाठी त्यांनी मंडळी काढली, खटपट केली, आणि काही वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं की अशी लग्नं वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकीच होणार. विधवा मात्र घरोघरी आहेत. लग्न सगळ्यांना पटणारं नाही, पण अक्षरओळख, एखादं काम, स्वतःच्या पायावर उभं राहणं, हे बहुतेकांना मान्य करता येईल. म्हणून 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि आपली शिल्लक, हजार रुपये, तिला देऊन टाकली. आश्रमावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून पुढे विवाहाच्या प्रचारातून अंगही काढून घेतलं. हे काही सुधारकांना भेकडपणाचं वाटलं. मला ते तसं वाटत नाही, पण त्याची एक किंमत होती आणि ती आनंदीबाईंनी मोजली. स्वतः पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरली तर आईबाप मुली पाठवायला कचरतील, म्हणून ज्या कामासाठी घर रिकामं होत होतं त्या कामापासूनच त्यांना लांब राहावं लागलं.

1899 मध्ये पुण्यात आश्रम सुरू झाला. प्लेगचे दिवस होते. 1900 मध्ये गावाबाहेर हिंगण्याला मिळालेल्या सहा एकर जागेवर झोपडी उभी राहिली. आजचं कर्वेनगर म्हणजे तेच हिंगणे. तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात नुसता चिखल. अण्णा दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचे, संध्याकाळी लागेल ते सामान बरोबर घेऊन तीन-चार मैल चालत हिंगण्याला जायचे, तिथे मुलींना शिकवायचे, आणि सकाळी उठून पुन्हा कॉलेजला. एक-दोन दिवस नव्हे, सतत दोन वर्षं हे चाललं.

आश्रमाच्या आवारात त्या झोपडीची जागा जपलेली आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मैत्रिणींबरोबर मी तिथे गेले होते. तेव्हा फार काही वाटलं नव्हतं. परीक्षा जवळ आली होती आणि डोक्यात दुसराच हिशेब चालू होता. आता प्रोजेक्टच्या तारखा सांभाळताना रात्री उशिरा घरी येते, तेव्हा ती वाट आठवते. दिवसभराची नोकरी करून वर हे काम, आणि तेही चालत!

घराचं काय, हा प्रश्न आपल्या पिढीतली कुठलीही बाई विचारेल. अण्णांनी आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली, तेव्हा आनंदीबाई चिडल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. पदरी मुलं होती. मग त्या स्वतः नागपूरला जाऊन सुईणीचं काम शिकून आल्या. अण्णांच्या थोरवीची गोष्ट आपण सांगतो तेव्हा ही दुसरी खतावणीही उघडून पाहावी, असं मला वाटतं. आनंदीबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा; त्यांनी आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडण्यात आयुष्य घातलं आणि त्या पार अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

आश्रमातून 1907 मध्ये महिला विद्यालय निघालं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती असलेली एक पुस्तिका हाती पडली आणि 1916 मध्ये अण्णांनी भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू केलं. शिक्षण मातृभाषेतून आणि विद्यार्थिनी किती, तर पाच! पाच मुलींचं विद्यापीठ म्हणून पुष्कळांनी हसून घेतलं. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावाने ते एस.एन.डी.टी. झालं. एकाहत्तराव्या वर्षी अण्णा युरोप, अमेरिका, जपान असं फिरून आले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले. गणिताच्या मास्तराला त्या भेटीत काय वाटलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

मुलगा रघुनाथ संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गमावून बसला आणि 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत राहिला. सून इरावतीबाई मोठ्या विदुषी झाल्या. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

1955 मध्ये पद्मविभूषण आणि 1958 मध्ये, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळालं. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते गेले. पण मला सगळ्यात आवडतं ते 1936 सालचं काम, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तेव्हा अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. विद्यापीठ उभं राहिलं होतं, आता बसून राहिले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढायच्या म्हणून त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केलं. आपल्या पेन्शनमधला वाटा त्यात घातला आणि तो म्हातारा माणूस पुण्यात दारोदार जाऊन, खेड्यातल्या मुलांसाठी म्हणून, थोडी थोडी वर्गणी मागत चालू लागला.