भुकेलेल्यांची माउली पंडिता रमाबाई



याईराची बारा वर्षांची कन्या मरण पावली होती. प्रभु येशूने तिचा हात धरून तिला उठविले. घरातील सर्व माणसे थक्क झाली. अशा वेळी प्रभूने लांब उपदेश केला नाही, तर मुलीला काही खावयास द्या असे सांगितले (मार्क ५ : ४३). मुलगी जिवंत झाली, पण ती भुकेली आहे, हे त्या घरात फक्त प्रभूच्याच ध्यानात राहिले. हा धडा आयुष्यभर गिरविणाऱ्या एका भगिनीचे चरित्र आज आपण पाहू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गावोगाव फिरू लागले. अशातच दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते सर्व संपले. अंगमेहनतीचे काम कोणाला येत नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी रानात दिवस काढले. अखेर १८७४ साली वडील वारले.

मग आई अंथरुणाला खिळली. ती अन्न मागू लागली तेव्हा रमाबाई एका घरी गेल्या. तोंडून शब्द फुटेना. मोठ्या कष्टाने त्यांनी थोडे अन्न मागितले. त्या घरच्या बाईने बाजरीची भाकरी दिली. रमाबाई ती घेऊन धावत आल्या, पण आईच्या अंगात ती खाण्याचेही त्राण उरले नव्हते. थोड्याच काळात ती गेली, आणि पाठोपाठ थोरली बहीणही गेली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. भाकरी चांगली होती. देणारीचे मनही चांगले होते. परंतु ती भाकरी वेळेवर आली नाही, आणि आजारी जिवाला पेलेल अशीही ती नव्हती. अन्न हाती आले म्हणजे भूक भागलीच असे नाही, हे रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या वयात आईच्या उशाशी बसून शिकल्या.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर हजारो मैल पायी चालून त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि १८८२ साली पतीचे निधन झाले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व तेथे वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी मांस किंवा अंडी खाल्ली नाहीत. आपले जुने खाणे सोडले तरच आपण ख्रिस्ती, हे म्हणणे त्यांना कधी पटले नाही. पुढे अमेरिकेत असताना त्यांनी लहान मुलांना शिकविण्याच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. त्या काळी अनेक घरांत विधवेला दिवसातून एकदाच जेवण मिळे, शिवाय एकादशीसारखे कडक उपवास असत. वाढत्या वयाच्या मुलींचीही यातून सुटका नव्हती. अशा मुलींना शारदा सदनात अक्षरांबरोबर रोजचे नियमित जेवणही मिळाले. त्यांच्या जातीच्या चालीरीतींचा मान राखून तेथे स्वयंपाकाची व्यवस्था केली होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती असूनही त्यांनी कोणावर आपले ताट लादले नाही. पुढे सदन पुण्यास हलविले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाईंना आपले लहानपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्याने इतक्यांना शहरात ठेवता येईना. सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतलेली होती. तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन. सप्टेंबर १८९८ मध्ये त्याचे समर्पण झाले.

त्यानंतर आमच्या गुजरातेत १८९९-१९०० चा भयंकर काळ पडला. संवत १९५६ वरून त्याला लोक छप्पनियो म्हणतात. रमाबाईंनी मुक्तीतल्या स्त्रियांना इकडे पाठवून उपाशी मुलींना गोळा करविले. मुक्तीची वस्ती सुमारे १,९०० झाली.

आता जरा हिशेब करू. एका माणसाला दोन वेळचे मिळून ४०० ग्रॅम धान्य धरले तर १,९०० माणसांना रोज ७६० किलो, म्हणजे साडेसात क्विंटलांहून अधिक धान्य लागते. डाळ, तेल, मीठ, सरपण आणि पाणी निराळेच. हे एका दिवसाचे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तितकीच भूक उभी असते! रमाबाई प्रार्थनेच्या बाई होत्या, पैसा कोठून येईल हे त्यांनी प्रभूवर सोपविले होते. पण प्रार्थना करून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, आंबा, संत्री आणि लिंबे लावली. दुभती जनावरे पाळली, तेलाचा घाणा चालविला. मुली दळण, स्वयंपाक, पाव भाजणे, विणकाम शिकल्या. जिच्या आईवडिलांना हाताचे काम येत नव्हते, तिने हजारो मुलींच्या हाती काम दिले.

मुक्तीत सर्वांना एकाच मापाने मोजले जात नव्हते, हे तेथील निरनिराळ्या सदनांवरून दिसते. वृद्ध व दुबळ्या स्त्रियांसाठी प्रीति सदन, मुलांसाठी सदानंद सदन, संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि अंधांसाठी बार्तिमयाच्या नावाचे सदन होते. जशी ज्याची गरज तशी त्याची सोय, हा तेथला नियम होता.

१९२१ साली मनोरमा वारली. दुःखाने खचूनही रमाबाईंनी मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? मी सुरतेच्या नवागाममध्ये राहतो. खानदेशातून पोटासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे आहेत. एकदा आमच्या मंडळीच्या जेवणात आम्ही पुरी, तिखट रस्सा आणि मिठाई केली होती. सर्वांनी वाहवा केली. पंगतीच्या शेवटी पाहिले तर दात नसलेल्या एका आजीने पुऱ्या तशाच पदराला बांधल्या होत्या. मला रमाबाईंच्या आईची भाकरी आठवली आणि मान खाली गेली. पंगतीची यादी मीच केली होती.

तेव्हापासून आम्ही यादी करण्याआधी जेवणाऱ्यांची नावे लिहितो. वडीलधाऱ्यांसाठी मऊ मुगाची खिचडी, वरण, शिजवलेली भाजी, ताक, आणि मीठ-तिखट बेताचे. लहान मुलांचे पोट लहान असते, म्हणून त्यांना थोडे थोडे पण सकस द्यावे : मोड आलेली मटकी, शेंगदाणा-गुळाचा लाडू, केळे, पेरू. अगदी लहानग्यांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात. धान्याबरोबर डाळ असली की दोन्हींचे पोषण एकमेकांना पूरक होते. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातील लोह अंगी लागते. यांपैकी काहीही महाग नाही. बिस्किटांचे पुडे वाटणे सोपे असते, एवढेच.

सरकारच्या अंगणवाड्या १९७५ पासून चालतात, गुजरातच्या शाळांत १९८४ पासून मध्यान्ह भोजन आहे. पण रविवारी शाळा बंद असते, आणि त्याच दिवशी ही लेकरे आपल्याकडे येतात. शिक्षकांनो, धडा सुरू करण्याआधी, सकाळी काय खाल्ले, एवढे प्रत्येकाला विचारा. पाच हजारांना भाकर देण्यापूर्वी प्रभूने लोकांना पंक्तीपंक्तींनी बसविले आणि नंतर उरलेले तुकडेही गोळा करविले. ही व्यवस्था त्या चमत्काराचाच भाग होती.

प्रभु आपल्याला रमाबाईंचे डोळे देवो, म्हणजे पंगतीत न जेवलेले माणूस आपल्याला दिसेल.