हाफकिन यांचा वनवास

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ज्याचे हे नाव, त्याने लशीपायी काय सोसले, हे मात्र थोड्यांनाच माहीत आहे. वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीवरील लस सिद्ध करून ते १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले. ते डॉक्टर नव्हते, जीवाणुशास्त्रज्ञ होते. आणि वैद्यकीय खात्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांना ही गोष्ट सलत असे.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशी खोली, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर हाफकिन यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी स्वेच्छेने पुढे आले आणि पुढे लक्षावधी लोकांनी ती घेतली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतून टोचले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीच झाले नाही. लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी रीत हाफकिन यांनी सोडली होती. तेवढा धागा धरून बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली, असे चौकशी समितीने ठरविले आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले. वास्तविक धनुर्वाताच्या जंतूंना उग्र दर्प असतो. बाटली उघडताना डॉक्टरांनी ती हुंगली, तेव्हा तसा वास आला नव्हता. बाटली उघडण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता.

हे उघड असूनही पाच वर्षे गेली. त्या काळात देशात प्लेगने दरसाल लाखो माणसे मरत होती. १९०७ या एकाच वर्षी दहा लाखांहून अधिक. ज्याच्याजवळ उपाय होता, त्याला इंग्लंडात बसून आपल्या निर्दोषत्वाचे कागद जमवावे लागले. बदनामीपेक्षा ही सक्तीची निष्क्रियता अधिक क्रूर म्हटली पाहिजे. २०२१ साली मेळघाटापासून शेंदूरजनाघाटपर्यंत, सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत करोनाची लस टोचण्यासाठी फिरणाऱ्या परिचारिकांना अफवांच्या वातावरणात काम करावे लागले. सुई ज्याच्या हातात, संशयही त्याच्याच वाट्याला येतो.

१९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. सरकारने माघार घेतली खरी; पण कलकत्त्याला नेमून माणसांवरील प्रयोगांना मनाई केली. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले, १९३० साली लोझान येथे वारले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले. तिच्या संचालकाच्या खुर्चीवर ते पुन्हा कधीच बसले नाहीत.