विशाळदेवांचे पितृहृदय

उमापूर परिसरातील वासनिक मंडळी पांचाळेश्वरी आत्मतीर्थाच्या दर्शनास जातात, तेव्हा एखादा वृद्ध पिता साधूंस एकांती विचारतो की, मुलगा जाणता झाला, त्यास शेतीवाडी नको, संसार नको, भिक्षुधर्म हवा. आम्ही काय करावे? या प्रश्नाचा विचार सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या पूर्वचरित्राच्या आधारे करणे उचित होईल. हे चरित्र आपण नेहमी पुत्राच्या बाजूने श्रवण करतो. आज ते पित्याच्या बाजूने पाहू.

विशाळदेव हे भडोच येथील राजाचे प्रधान, लाड सामवेदी ब्राह्मण. त्यांचे पुत्र हरिपाळदेव ऐन तारुण्यात निवर्तले. त्याच समयी, सुमारे इ. स. 1221 मध्ये, द्वारावतीकार श्रीचांगदेव राऊळांनी पूर्वदेहाचा त्याग करून हे शरीर स्वीकारले, अशी पंथाची श्रद्धा आहे. विशाळदेवांना हे रहस्य कोठून कळणार? त्यांना एवढेच दिसले की, स्मशानात नेलेला पुत्र जिवंत परतला. ज्याने एकदा पुत्राचा वियोग सोसला, त्याच्या मनात पुढे सदैव भय राहिले असल्यास नवल नाही.

हरिपाळदेवांचा विवाह कमळाइसेशी झालेला होता. त्यांना द्यूताचा नाद लागला आणि एकदा ते मोठी रक्कम हरले. पत्नीकडे अलंकार मागितले असता तिने नकार दिला. ही गोष्ट त्यांच्या मनास लागली; संसारातील प्रेम किती सापेक्ष असते, ते दिसून आले. पित्यास वृत्त समजताच त्यांनी पैका फेडून टाकला.

परंतु पुत्राने रामटेकच्या यात्रेची अनुज्ञा मागितली, तेव्हा त्याच पित्याने ती नाकारली. त्यांचे कारण अविचाराचे नव्हते. देवगिरीवर सिंघण यादव (1210 ते 1246) राज्य करीत होता, त्याचे व गुर्जरांचे वैर होते. प्रधानपुत्राने शत्रूच्या मुलखातून जाणे धोक्याचे होते. तरीही मर्म येथेच आहे. व्यसनाचा भार पित्याने तत्काळ उचलला. विरक्तीचा भार मात्र त्याला उचलवेना. व्यसनी पुत्र निदान घरात असतो, विरक्त पुत्र घराबाहेर पडतो. आजचा पिताही यापेक्षा निराळा नाही.

अखेर पुत्राचा निश्चय पाहून विशाळदेवांनी अनुज्ञा दिली आणि रक्षणार्थ परिवार सोबत दिला. पुत्राने तो परिवार मार्गात मागे सोडला व एकाकी ऋद्धिपूर गाठले. तेथे श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली आणि प्रभूंच्या प्रसादाने ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला. हरिपाळदेवांचे चक्रधर झाले. येथून कथा पुत्राबरोबर पुढे जाते. पिता मागे राहतो.

पुढे स्वामींनी साधकांस देश, गाव व आप्त यांचे पाश सोडण्यास सांगितले. हे वचन कठोर वाटते. परंतु ते सांगणाऱ्याने प्रधानाचे घर स्वतः सोडले होते, हे विसरू नये. उलट बाजूही लक्षात घ्यावी. श्रीनागदेवाचार्यांच्या मातोश्री आबाइसा पुत्राच्या मार्गास आड आल्या नाहीत. त्या स्वतःच त्या मार्गास लागल्या. हे भाग्य सर्वांस लाभत नाही.

म्हणून वासनिक पित्यास एवढेच सांगणे आहे. पुत्राची परीक्षा अवश्य पाहावी. क्षणिक उद्वेगास वैराग्य समजू नये, आणि घरातील वृद्धांची व्यवस्था लावल्याविना निघू नये, असे त्यास बजावावे. तो अधिकार पित्याचा आहे. परंतु निश्चय दृढ दिसल्यावर अश्रूंनी वाट अडवू नये. विशाळदेवांनी दिलेला परिवार वाटेतच राहिला. दिलेली अनुज्ञा मात्र शेवटपर्यंत पुत्राच्या कामी आली. जाणत्या अपत्यास पित्याने द्यावयाची शिदोरी तीच होय.