अलीगढचा विद्यार्थी ते वर्ध्याचा अहवाल : डॉ. झाकीर हुसेन

येलदरीचा आमचा एक माजी विद्यार्थी विद्यापीठात शिकतो. ईदला घरी आला की शैक्षणिक धोरणाचाच विषय काढतो. धोरणं वर ठरतात, तिथं विद्यार्थ्याचं कोण ऐकणार, असं या खेपेला तो म्हणाला. आम्ही त्याला डॉ. झाकीर हुसेन यांची गोष्ट सांगितली.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ चा, हैदराबादचा. आपला परभणी जिल्हाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. दहाव्या वर्षी वडील गेले, पुढे प्लेगनं आई नेली. इटाव्याला शाळा केली, मग अलीगढचं कॉलेज. १९२० साली असहकाराची हाक आली, तेव्हा ते एम.ए. करत होते. सरकारी मदतीवरचं कॉलेज सोडून काही विद्यार्थी-शिक्षकांनी २९ ऑक्टोबर १९२० ला जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू केली. त्यात २३ वर्षांचे झाकीर हुसेन पुढे होते.

नंतर बर्लिनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. इकडे पैशाअभावी जामिया बंद पडायच्या बेतात होती. १९२६ मध्ये परतून त्यांनी तिची जबाबदारी घेतली. २० वर्षं इथंच राहायचं आणि महिना १५० रुपयांवर पगार घ्यायचा नाही, अशी शपथ त्यांनी व सहकाऱ्यांनी घेतली. १९३५ मध्ये ओखल्याच्या इमारतीची पायाभरणी झाली, तीही सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून!

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन झाले. प्रत्येक मुलाला सात वर्षं मोफत, सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हाताच्या कामाशी जोडून, अशी त्यांची योजना होती. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा यायला २००९ साल उजाडलं. नई तालीम ज्या पद्धतीनं राबवली गेली, त्यावर पुढे त्यांनी स्वतःच कडक टीका केली. योजना आपली आहे म्हणून पांघरूण घातलं नाही.

१९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले. पदावर असतानाच ३ मे १९६९ ला त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर जामियातच आहे.

आम्ही त्या मुलाला एवढंच सांगितलं, बेटा, सुट्टीत गावातल्या घरी जा. सातवी-आठवीनंतर कुणाची शाळा सुटली, का सुटली, ते वहीत लिहून काढ. तुझा अभ्यास तिथूनच सुरू होईल.