बाळू पालवणकर

मुलांनो, तुम्ही क्रिकेट खेळता ना? अमरावतीच्या नेहरू मैदानावर किंवा अकोल्याच्या शास्त्री स्टेडियमवर मोठ्या मुलांचे सामने तुम्ही पाहिले असतील. सामना सुरू होण्याआधी तिथे कोण येते, हे कधी पाहिले आहे का? सगळ्यांच्या आधी एक माणूस येतो. तो खेळपट्टी झाडतो, तिच्यावर पाणी मारतो, जड रूळ फिरवतो आणि चुन्याच्या रेषा आखतो. खेळाडू आले की तो बाजूला होतो. त्याचे नाव कोणी विचारत नाही.

आज मी तुम्हांला अशाच एका मुलाची गोष्ट सांगणार आहे. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते, आज ते कर्नाटकात आहे. बाळूचे वडील सैन्यात नोकरीला होते. पुढे हे कुटुंब पुण्यात राहू लागले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅट आणि चेंडू घेऊन बाळू व त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

हे कुटुंब चर्मकार समाजातले होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानले जाई. अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवायचे नाही असा. त्यांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नसे, देवळात जाता येत नसे. शाळेतही त्यांना वेगळे बसवत.

बाळूचे शिक्षण फारसे झाले नाही. तो पुण्यात पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात नोकरीला लागला. पगार होता महिना तीन रुपये. नंतर १८९२ च्या सुमारास तो इंग्रजांच्या पूना क्लबात गेला. तिथे चार रुपये मिळू लागले. काम तेच. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळ्या बांधायच्या, रेषा आखायच्या. एक काम मात्र वेगळे होते. इंग्रज साहेबांना फलंदाजीचा सराव करायचा असला की बाळूने त्यांना चेंडू टाकायचे.

बाळू डाव्या हाताने फिरकी गोलंदाजी करी. चेंडू कधी आत वळे, कधी बाहेर जाई. ग्रेग नावाचा एक इंग्रज उत्तम फलंदाज होता. असे सांगतात की, बाळूने आपल्याला बाद केले की तो प्रत्येक वेळी त्याला आठ आणे देई. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्या माणसाला आठ आणे म्हणजे थोडे नव्हेत! ग्रेगसाहेबांचा सराव चांगला झाला आणि बाळूची गोलंदाजी त्याहूनही चांगली झाली. पण इतक्या वर्षांत एकाही साहेबाने बाळूच्या हाती बॅट दिली नाही. चेंडू टाकणे नोकराचे काम आणि फलंदाजी साहेबांची, अशी तिथली समजूत होती.

पुण्यात हिंदूंचाही एक संघ होता. या संघाला इंग्रजांना हरवायचे होते. बाळूला घेतले तर आपण जिंकू, हे त्यांना ठाऊक होते. पण बाळूला घ्यायचे कसे? काहींनी विरोध केला, काहींनी आग्रह धरला. शेवटी बाळूला संघात घेतले.

आता पुढचे नीट वाचा. मैदानावर सगळे खेळाडू एकच चेंडू हाताळत. बाळूने टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलत आणि त्याच्याकडे परत फेकत. पण चहाची वेळ झाली की सगळे बदले. बाकीचे खेळाडू आत बसून कपबशीतून चहा पीत. बाळू बाहेर थांबे. त्याला मातीच्या कुल्हडात, म्हणजे वापरून फेकून द्यायच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळे, दूर बसून. हात-तोंड धुवायचे असेल तर त्याच्याच समाजातला नोकर पाणी आणून देई. चेंडूला विटाळ होत नव्हता आणि कपाला होत होता! याचा अर्थ काय लावायचा, तुम्हीच सांगा.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाविरुद्ध पुण्याचा संघ खेळायला गेला. बाळूची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आधी अनेक दिवस खेळपट्टीवर रूळ फिरवून ती घट्ट करून ठेवली होती. पण रूळ फिरवलेल्या खेळपट्टीची ओळख बाळूइतकी कोणाला असणार? त्याने सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. पुढे पुण्यात झालेल्या एका समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूला हार घातला. ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता, त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असे त्यांनी संघातल्या खेळाडूंना विचारले म्हणतात.

१८९६ साली पुण्यात प्लेगची साथ आली. त्यानंतर बाळू मुंबईला गेले आणि तिथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. आता ते नावाजलेले गोलंदाज झाले होते, म्हणून आपणही त्यांना आदराने बाळूराव म्हणू.

त्या काळी मुंबईत धर्मावरून संघ होत असत. युरोपियन, पारशी आणि हिंदू. १९१२ पासून मुसलमानांचाही संघ आला. १९०६ सालच्या फेब्रुवारीत हिंदू आणि युरोपियन यांचा मोठा सामना झाला. हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ धावांत बाद झाला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूरावांनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. शिवरामही या सामन्यात खेळला. राज्य इंग्रजांचे, खेळ इंग्रजांचा आणि हरले इंग्रजच! देशभर आनंद झाला.

१९११ साली भारताचा एक संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कप्तान होते. या संघात पारशी होते, हिंदू होते आणि अलीगढच्या कॉलेजातले मुसलमान खेळाडूही होते. संघ २३ सामने खेळला आणि त्यांतले १५ हरला. पण बाळूरावांनी एकट्याने ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे तर त्यांनी एका डावात आठ गडी बाद केले. ते परत आल्यावर मुंबईत त्यांच्या समाजाने सत्कार केला. मानपत्राच्या कामात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक तरुण होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

एवढे करूनही बाळूरावांना हिंदू संघाचे कप्तानपद मिळाले नाही. कप्तान पै यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केले होते की, हा मान बाळूरावांचा आहे. तरीही निवड करणाऱ्यांचे मन वळले नाही. १९२० साली तर बाळूरावांना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे त्यांचे भाऊ खेळायला तयार झाले नाहीत. विठ्ठल हा उत्तम फलंदाज होता. लोकांमध्ये बरीच चर्चा झाली. पुढच्या सामन्यासाठी बाळूरावांना परत बोलावले आणि उपकप्तान केले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ बाळूरावांनी संघ सांभाळला. बस, तेवढाच वेळ!

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नका. वेस्ट इंडीज बेटांच्या संघात उत्तम काळे खेळाडू असत, पण कप्तान गोराच लागे. पूर्ण मालिकेसाठी फ्रँक वॉरेल या काळ्या खेळाडूला कप्तान नेमायला १९६० साल उजाडले.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला आणि त्याच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे मिळाले नाही, ते धाकट्याला मिळाले. देवळांची दारे मात्र अजून बंदच होती. आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, तो १९२७-२८ साली. त्यात डॉ. पंजाबराव देशमुख पुढे होते.

खेळ सोडल्यावर बाळूराव राजकारणात आले. १९३७ साली मुंबईच्या विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना उभे केले. समोर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! निवडणूक अटीतटीची झाली आणि सुमारे दोन हजार मतांनी बाळूराव हरले.

भारत पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. तेव्हा बाळूरावांचे वय पंचावन्नच्या पुढे गेले होते. म्हणून कसोटी खेळाडूंच्या यादीत तुम्ही त्यांचे नाव शोधाल, तर ते सापडणार नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, एवढी नोंद मात्र आहे. जुलै १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.