परक्या विद्यार्थ्यांचा कोशकार : ए. एस. हॉर्नबी

मराठी माणसाचे लग्न कोणाशी तरी होते. म्हणून इंग्रजीत तो सहज 'मॅरीड विथ' म्हणून जातो. इंग्रजीला तेथे 'टू' हवे असते. मराठीत एखाद्या विषयावर चर्चा होते, म्हणून तो 'डिस्कस'पुढे 'अबाउट' जोडतो; तेथे इंग्रजीला काहीच नको असते. हे कोडे एखाद्या नियमाने सुटत नाही. परक्या विद्यार्थ्याची ही अडचण ओळखून कोश रचणाऱ्यांमध्ये अल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचे नाव अग्रस्थानी आहे.

हॉर्नबी यांचा जन्म १८९८ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेऊन १९२४ मध्ये ते जपानला गेले आणि क्यूशू बेटावरील ओइता येथे इंग्रजी शिकवू लागले. मराठीप्रमाणेच जपानीतही संबंधदर्शक शब्द नामाच्या मागून येतो. इंग्रजीत तो नामाच्या आधी येतो. त्या काळचे इंग्रजी कोश प्रामुख्याने इंग्रजांसाठी असत. ते शब्दाचा अर्थ सांगत. मात्र त्यापुढे 'ऑन' घ्यावे की 'टू', हे वाचकाला ठाऊकच आहे असे गृहीत धरत. परक्या विद्यार्थ्याचे घोडे नेमके तेथेच अडे.

टोकियोतील इंग्रजी अध्यापन संशोधन संस्थेचे प्रमुख हॅरोल्ड पामर यांनी हॉर्नबींना आपल्या कामात सामील करून घेतले. १९३६ मध्ये पामर मायदेशी परतल्यावर संशोधनाची धुरा हॉर्नबींकडे आली. गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी नवा कोश सिद्ध केला. त्यात क्रियापदांच्या रचना २५ साच्यांत मांडल्या होत्या, मोजता येणारी व न येणारी नामे वेगळी दाखवली होती आणि शब्दाचा वापर उदाहरणांतून स्पष्ट केला होता.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला. हॉर्नबी स्थानबद्ध झाले आणि १९४२ मध्ये त्यांना मायदेशी पाठवण्यात आले. त्याच वर्षी काइताकुशा या जपानी प्रकाशनसंस्थेने तो कोश टोकियोत प्रसिद्ध केला. शत्रुराष्ट्राच्या नागरिकांनी रचलेला, शत्रूचीच भाषा शिकवणारा ग्रंथ असा भर युद्धात वाचकांपुढे आला.

त्यानंतर हॉर्नबींनी तेहरानमध्ये अध्यापन केले. १९४६ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांसाठी त्यांनी नियतकालिक सुरू केले. १९४८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचा कोश नव्याने काढला. 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' या नावाने तो पुढे जगभर पोहोचला. त्यातून मिळालेले धन त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १९६१ मध्ये न्यास स्थापून ते परदेशांतील इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी लावले.

१९७८ मध्ये हॉर्नबी निवर्तले. 'डिपेंड' हा शब्द वहीत उतरवताना त्याच्या शेजारी 'ऑन'ही लिहून ठेवणारा विद्यार्थी आजही त्यांनीच रुळवलेल्या वाटेने जात असतो.